मुलं आणि वयस्कर आई-वडिलांसह डिसेंबरात चार दिवस समुद्राकाठी राहायचंय. भाड्याचा फ्लॅट जुहूला घ्यावा की मढ-आक्साला?

जुहूलाच घ्या, आणि इमारतीच्या फाटकातून थेट वाळूवर उतरता येईल असाच घ्या. मी वर्सोव्यात राहतो, दोन्ही किनारे नेहमी पाहतो. आक्सा रुंद आणि शांत आहे, पण तिथल्या पाण्याला जबर ओढ आहे, पायाखालची वाळू सरकते आणि बुडून माणसं गेल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. लहान मुलं असताना तो धोका पत्करूच नका. शिवाय मढहून अंधेरीकडे यायचं तर वर्सोव्याची फेरीबोट, नाहीतर मार्वे-मालाडचा मोठा वळसा. रात्री-अपरात्री आई-वडिलांना बरं वाटेनासं झालं तर कूपर रुग्णालय जुहूहून जवळ पडतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पैसे देण्याआधी एवढं बघा:
- 'सी-फेसिंग' या शब्दावर जाऊ नका. मालकाला बाल्कनीतून व्हिडिओ कॉल करायला सांगा. बाल्कनीला ग्रिल आहे का तेही तेव्हाच दिसेल.
- थोड्या दिवसांच्या पाहुण्यांना सोसायटीची परवानगी आहे का, ते लेखी घ्या. नाहीतर सामानासकट वॉचमनपाशी अडकाल.
- लिफ्ट, आणि पाणी किती वाजता येतं.

भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा मुलांना वाळूत न्यायची वेळ रोज तपासा. मात्र जुहूचं पाणी पोहण्याइतकं स्वच्छ नाही आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी तुफान गर्दी असते, म्हणून जमल्यास सोमवार ते गुरुवार राहा.