वाचक विचारतात : रेघांची स्लाइड, उंदरांची मोजणी आणि माणकीची नस

चेताविज्ञान आणि शरीरक्रियाशास्त्रावरची विद्यापीठातली व्याख्यानं ऐकून आलेल्या वाचकांचे पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

पडद्यावर बारीक उभ्या रेघांनी भरलेला चौकोन होता, खाली डोंगरासारखा आलेख. सगळे माना डोलावत होते. त्यात बघायचं काय? (निवृत्त शिक्षक, म्हापसा)

त्या चौकोनाला रास्टर म्हणतात. एक आडवी ओळ म्हणजे प्रयोगाची एक फेरी. त्या ओळीतली प्रत्येक उभी रेघ म्हणजे चेतापेशीने दिलेला एक विजेचा ठोका, ज्याला सगळे 'स्पाइक' म्हणतात. मध्ये शून्यावर लांब रेघ असते. आवाज, उजेड, स्पर्श, जे काही प्राण्याला दिलं ते तिथे दिलं. शून्यानंतर रेघा दाटल्या तर पेशीने प्रतिसाद दिला, विरळ झाल्या तर ती दबली.

खालचा डोंगर म्हणजे सगळ्या ओळी एकावर एक रचून केलेली सरासरी. ४० फेऱ्या आहेत, वेळेचा कप्पा १० मिलिसेकंदांचा आहे आणि एका कप्प्यात सगळ्या फेऱ्या मिळून २० ठोके पडले, तर २० भागिले (४० गुणिले ०.०१), म्हणजे सेकंदाला ५० ठोके. कप्पा रुंद घेतला की डोंगर गुळगुळीत दिसतो, पण प्रतिसाद नेमका कधी सुरू झाला ते पुसलं जातं. मागचे-पुढचे दोन्ही कप्पे धरून काढलेल्या सरासरीने वक्र मऊ केला असेल तर प्रतिसाद शून्याच्या आधीच सुरू झाल्यासारखाही दिसतो. पेशीला भविष्य कळत नसतं, तेव्हा अशा वेळी कप्प्याची रुंदी विचारावी.

एका सुंदर चित्रापासून मात्र जपून राहा. शेकडो पेशी एकाखाली एक मांडलेल्या असतात आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे झगझगीत तिरका पट्टा जातो. 'पेशी ठरावीक क्रमाने पेटतात' असं सांगितलं जातं. पण प्रत्येक पेशीचा सर्वांत मोठा प्रतिसाद कधी येतो ते पाहून त्याच क्रमाने ओळी लावल्या, तर निव्वळ गोंगाटातूनही असाच पट्टा निघतो. प्रामाणिक रीत अशी : विषम फेऱ्यांवरून क्रम ठरवायचा आणि सम फेऱ्यांची माहिती त्या क्रमाने मांडायची. पट्टा तेव्हाही टिकला तर खरा.

व्याख्यात्यांनी 'एन बरोबर २००' सांगितलं. मागून एका बाईंनी विचारलं, 'उंदीर किती?' उत्तर आलं, चार. मग सभागृहात कुजबुज का झाली? (बी.एस्सी. प्राणिशास्त्र, फोंडा)

बाईंनी दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलं. 'एन' म्हणजे किती मोजमापं घेतली तो आकडा, आणि इथे मोजल्या होत्या पेशी. एका उंदरातल्या ५० पेशी हे ५० स्वतंत्र साक्षीदार नसतात. इलेक्ट्रोड एकाच जागी बसलेला असतो, भूल तेवढीच असते, उंदीर घाबरला असेल तर सगळ्या पेशींना ते कळतं. एकाच घरातल्या ५० माणसांना विचारून गावाचं मत सांगण्यातला हा प्रकार.

आकड्यांत बघा. विखुरण, म्हणजे प्रमाण विचलन, १२ आहे असं समजा. सरासरीची प्रमाण त्रुटी काढायला त्याला 'एन'च्या वर्गमुळाने भागतात. चार धरले तर त्रुटी ६, दोनशे धरले तर ०.८५. तीच माहिती, पण आलेखावरचा त्रुटीचा दांडा सात पटींनी आखूड! खरं उत्तर बहुधा मधे असतं. एका उंदरातल्या पेशींचं आपसातलं साम्य ०.२ असेल, तर २०० ला (१ अधिक ४९ गुणिले ०.२) म्हणजे १०.८ ने भागायचं. हाती राहतात जेमतेम १८-१९ स्वतंत्र मोजमापं. म्हणूनच हल्ली प्राणी आणि पेशी असे दोन्ही स्तर एकत्र धरणारी मिश्र प्रतिमानं वापरतात. प्राणी चारच असतील तर तीही फार आधार देत नाहीत. प्राणी वाढवणं हाच उपाय.

आलेखावर उभे दांडे दिसले की आणखी एक विचारा : हे प्रमाण विचलन आहे की प्रमाण त्रुटी? स्लाइडवर लिहिलेलं नसेल तर सहसा त्रुटीच असते, कारण ती आखूड दिसते.

प्रत्येक व्याख्यानात त्या 'स्क्विड'चं नाव निघतं. ती आपली माणकीच ना? मग तिचं एवढं कौतुक कशाला? (गृहिणी, मडगाव)

त्याच कुळातली. हॉजकिन आणि हक्सली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या प्लिमथला वापरलेली जात वेगळी होती, पण जाड नस आपल्या माणकीतही असते. धोका दिसला की माणकी नळकांड्यासारखं अंग आवळून पिचकारी मारते आणि मागे सटकते. पूर्ण अंग एकाच क्षणी आवळलं तरच पिचकारीला जोर येतो. त्यामुळे दूरच्या स्नायूंकडे जाणारे अक्षतंतू (चेतापेशींचे संदेश नेणारे लांब धागे) जाड, म्हणजे वेगवान, आणि जवळचे बारीक. संदेश सगळीकडे जवळजवळ एकदम पोचतो. सर्वांत जाड तंतू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो, अनेक पेशींचे तंतू एकजीव होऊन तो बनतो. माणसाचा जाडातला जाड तंतू साधारण ०.०२ मिलिमीटरचा.

एवढ्या जाडीमुळे त्याच्या आत लांबीच्या दिशेने तार सरकवता आली. १९३९ मध्ये त्या दोघांनी ठोका चालू असताना आतला विद्युत्दाब मोजला, १९५२ मध्ये सोडियम आणि पोटॅशियमच्या प्रवाहांचं गणित मांडलं आणि १९६३ चं नोबेल एकल्स यांच्यासोबत वाटून घेतलं.

नस घरीही बघता येते. मोठी, ताजी माणकी घ्या. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, ते दिवस टाळा. डोकं ओढून काढू नका. पिचकारीची नळी ज्या बाजूला आहे त्या बाजूने कात्रीने टोकापर्यंत चिरा आणि ताटात सपाट पसरा. पारदर्शक पात समोरच्या, न चिरलेल्या बाजूला राहील. शाईची पिशवी न फोडता आतडी आणि पिसांसारखे कल्ले उचला. डोक्याकडच्या भागात, पातीच्या दोन्ही अंगांना, आतल्या भिंतीवर एकेक पांढुरकी चांदणी दिसेल. तिच्यातून नसा पंख्यासारख्या पसरतात. शेपटाकडे सरळ जाणाऱ्या नसेत तो जाड तंतू असतो. बर्फातल्या माणकीत ठोका मात्र मिळणार नाही. त्यासाठी नस जिवंत प्राण्यातून काढून समुद्राच्या पाण्यात ठेवावी लागते. बघून झालं की बाकीचं रवा लावून तव्यावर.

पुढच्या महिन्यात माझं पहिलं व्याख्यान आहे, २० मिनिटांचं. पॅच क्लॅम्पची मोजमापं आहेत. जाणकार कुठे पकडतात? (संशोधक विद्यार्थी, वास्को)

पॅच क्लॅम्प म्हणजे काचेच्या बारीक पिपेटचं टोक पेशीला चिकटवून तिच्यातला विजेचा प्रवाह मोजणं. जाणकार पकडतात तीन ठिकाणी. पहिलं, मालिका-रोध, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत पिपेटचाच आडवा येणारा रोध. पिपेटच्या टोकाशी १० मेगाओहम आणि प्रवाह २ नॅनोअँपिअर असेल तर २० मिलिव्होल्टची चूक होते. उणे १० मिलिव्होल्टवर धरलेली पेशी प्रत्यक्षात भलतीकडे असते. भरपाई किती टक्के केली आणि प्रयोगाच्या शेवटी रोध किती होता, ते स्लाइडवर लिहा. दुसरं, पिपेटमधलं द्रावण आणि बाहेरचं द्रावण यांच्या सांध्यातला विद्युत्दाब. पोटॅशियम ग्लुकोनेट असेल तर तो १०-१५ मिलिव्होल्टपर्यंत जातो. वजा केला की नाही, एका ओळीत सांगा.

तिसरं गोव्यात विशेष नडतं : 'खोलीचं तापमान'. युरोपातल्या शोधनिबंधात ते २२ अंश असतं. तुमच्याकडे मे महिन्यात एसी बंद पडला की ३०. आयन-वाहिन्या (पेशीच्या पडद्यातली आयनांची दारं) उघडण्याचा वेग दर १० अंशांना सुमारे तिप्पट होतो, म्हणजे ८ अंशांत जवळजवळ २.४ पट. औषधाचा परिणाम म्हणून जे दाखवाल ते उकाड्याचं निघू शकतं. द्रावणपात्रात तापमापक ठेवा, आकडा लिहा. हॉजकिन-हक्सलींची समीकरणंसुद्धा ६.३ अंशांसाठी लिहिलेली आहेत.

बाकी नेहमीचं. बारा-तेरा स्लाइड पुरेत. प्रत्येक नोंदीशेजारी मिलिसेकंद आणि पिकोअँपिअरची मापपट्टी हवी. लाल-हिरव्याऐवजी किरमिजी (मॅजेंटा)-हिरवा वापरा, काही श्रोत्यांना पहिला फरक दिसत नाही. व्हिडिओ पेनड्राइव्हवरून चालवू नका, आदल्या तासाला सभागृहाच्या संगणकावर उतरवून चालवून बघा.

मेंदूच्या चित्रात लाल डाग दाखवतात. तिथेच विचार होतो का? आणि प्रश्न मराठीत विचारला तर चालतो का? (डिचोली)

डाग विचाराचा नाही, रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलाचा असतो, आणि तोही पाच-सहा सेकंद उशिरा शिगेला पोचतो. तीन मिलिमीटरच्या एका चौकोनी कणात काही लाख चेतापेशी असतात. असे एक लाख कण तपासले आणि कसोटी ०.०५ ची (योगायोगाने शंभरात पाच चुका चालतील अशी) ठेवली, तर काहीही घडत नसताना सुमारे पाच हजार कण रंगतील. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेल्या सामन माशाला अशी मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रात ठेवून चित्रं दाखवली, आणि एवढ्या तपासण्यांचा हिशेब धरणारी दुरुस्ती न करता त्याचा मेंदूही 'सक्रिय' निघाला. तेव्हा विचारायचं ते असं : 'अनेक तुलनांची दुरुस्ती कशी केली?'

मराठीत किंवा कोकणीत खुशाल विचारा. वक्ते परप्रांतीय असले तर शेजारचा कुणीतरी भाषांतर करतो. फक्त प्रश्न एकच ठेवा आणि स्लाइडचा क्रमांक आधी सांगा, म्हणजे त्यांना ती लगेच मागे आणता येते.