न वापरता ठेवलेली ‘लेदर’ची बॅग सोलपटते कशी?

तुम्ही विचारलंय, दोन वर्षं कपाटात जपून ठेवलेल्या बॅगेचे पोपडे कसे निघाले आणि पुढच्या वेळी काय घ्यावं. माझं एक जाकीट असंच गेलं. दोनदाच घातलं असेल. तिसऱ्यांदा काढलं तर मानेला, हातांना काळ्या टिकल्या चिकटल्या.

असं ‘लेदर’ म्हणजे पीयू, पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक. कापडावर त्याचा पातळ थर देतात आणि वर चामड्याच्या सुरकुत्यांचा ठसा उमटवतात. स्वस्तातलं पीयू बहुधा पॉलिएस्टर जातीचं असतं आणि हवेतला ओलावा त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडत राहतो. वापरा किंवा नका वापरू, बनवल्या दिवसापासून हे चालूच असतं. दमट, बंद कपाटात तर जरा जास्तच. चामड्याचं तेल-पॉलिश चोळून उपयोग नाही, तो थर तेल पितच नाही.

आपण सरसकट ज्याला रेक्झिन म्हणतो ते आता बहुतेक पीव्हीसी, म्हणजे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक असतं. (रेक्झिन हे मूळचं एका ब्रिटिश मालाचं नाव, त्यात कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप असायचा.) पीव्हीसीला पाण्याचं भय नाही. त्याचं दुखणं वेगळं: मऊपणासाठी घातलेलं रसायन वर्षानुवर्षं बाहेर पडत जातं, मग ते कडक होतं आणि तडकतं. उन्हात लवकर. शिवाय हवा खेळत नाही, बसलं की पाठ घामेजते. तरी दुचाकीचं सीट, दवाखान्यातलं तपासणीचं टेबल, व्यायामशाळेतले बाक यांना मी तेच घेईन. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

पर्स, बूट, जाकीट यांना मऊपणा हवा, तिथे पीयू ठीक. पण चार-पाच वर्षांची वस्तू समजूनच घ्या. सोफ्यासाठी ‘बॉन्डेड लेदर’ मात्र टाळाच. चामड्याचा भुगा चिकटवून वर पीयूचाच थर देतात, नाव तेवढं लेदरचं. ‘व्हीगन लेदर’ या लेबलाचा अर्थही बहुतेकदा पीयू किंवा पीव्हीसी एवढाच. घेताना आतली कापलेली कड बघा: विणलेलं कापड दिसलं तर नकली.

नकली म्हणजे टाकाऊ असंही नाही हं. 1986च्या विश्वचषकात फुटबॉल पहिल्यांदाच पूर्ण कृत्रिम होता, कारण चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा.

तुमची बॅग आता दुरुस्त होणार नाही. चेन आणि बक्कल चांगली असतील तर काढून ठेवा.