मक्ता आणि कित्ता

एका वाचकाने विचारलंय: 'प्रोप्रायटरी सॉफ्टवेअर'ला, म्हणजे ज्याचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) बंद ठेवलेला असतो त्याला, मराठीत 'खासगी' म्हणावं की 'मालकीचं'? आणि ओपन सोर्स, म्हणजे सोर्स कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, घेऊन ते असं बंद करून विकायला कायद्याची आडकाठी आहे का?

'खासगी' सोडून द्या. 'मालकीचं' ऐकलं की मात्र माझं डोकं उठतं. या शब्दाने ओपन सोर्स बेवारस ठरतं. 'ओपन सोर्सच आहे की, घ्या आणि विका' असं चांगले शिकलेले लोक बोलतात. अहो, त्यालाही मालक असतो! कॉपीराइट हातात असतो म्हणून तर तो अटी घालू शकतो. एमआयटी हा ओपन सोर्सचा एक सैल परवाना, त्यात अट एवढीच, की मूळ हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. मग बंद उत्पादन खुशाल विका. जीपीएल हा दुसरा परवाना कडक आहे: बदल करून इतरांना दिलंत, तर सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्या.

तेव्हा म्हणा 'मक्त्याचं सॉफ्टवेअर'. 'शहाणपणाचा मक्ता काय तुम्हीच घेतलाय?' यातला मक्ता. मुळाशी अरबी क-त-अ हा धातू, अर्थ कापणे. आणि 'कित्ता' याच धातूचा! अरबी 'कित्आ' म्हणजे तुकडा, मग सुलेखनाचा नमुना, मग आपण बोटाने गिरवला तो. एकाच घरात एक भाऊ 'हात लावू नका' म्हणतो, दुसरा 'घ्या, गिरवा' म्हणतो. जीपीएलचं सारं भांडण या दोन भावांचं आहे. 'मक्ता'चं नातं 'मुक्त'शी लावणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. मुक्त संस्कृत 'मुच्'चा. आणि 'स्वामित्व सॉफ्टवेअर' सुचवणाऱ्या पंडितांनी सांगावं, जीपीएलच्या लेखकाचं स्वामित्व गेलं कुठे?

ते जात नाही, हे अमेरिकेत जेकबसेन विरुद्ध कॅट्झर खटल्यात ठरलं. जेकबसेन यांच्या प्रकल्पातल्या, खेळण्यातल्या रेल्वेसाठी लिहिलेल्या खुल्या फायली कॅट्झर यांच्या विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये गेल्या, त्याही मूळ लेखकांची नावं गाळून. खालचं न्यायालय म्हणालं, हा फार तर करारभंग. २००८ साली अपील न्यायालयाने परवान्यातल्या 'प्रोव्हायडेड दॅट' (या अटीवर की) या दोन शब्दांवर बोट ठेवलं: ही अट आहे, ती मोडली तर कॉपीराइटचाच भंग. आपल्या कायद्याच्या मराठीत अशा कलमाला 'परंतुक' म्हणतात. काय देखणा शब्द आहे!