आजोबांच्या जन्माची दोन सालं सापडली, एक आत्याबाईंनी सांगितलेलं, दुसरं शाळेच्या नोंदवहीतलं; वंशावळीत कोणतं लिहू?

दोन्ही लिहा, आणि प्रत्येकासमोर ते कुठून आलं तेही. आत्याबाईंनी सांगितलेलं साल आठवणीतलं. शाळेच्या दाखल-खारीज (प्रवेश घेतल्या-सोडल्याच्या) नोंदवहीतलं बरेचदा गुरुजींनी अंदाजाने टाकलेलं असे. 1 जून किंवा 1 जुलै दिसली तर जास्तच सावध राहा.

नागपूरकडच्या खेड्यांसाठी मी सर्वात आधी कोतवाल बुक पाहतो, कारण ती जन्म-मृत्यूची त्याच वेळची नोंद. नकलेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करा. पण त्यात बाळाचं नाव बहुधा नसतं; बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच. म्हणून सगळ्या भावंडांच्या नोंदी काढा, नाहीतर लहानपणीच दगावलेल्या थोरल्या भावाची तारीख आजोबांना चिकटेल. आमच्या वंशावळीत हीच चूक कित्येक वर्षं तशीच राहिली होती.