बुद्धी वाढवण्याच्या प्रयोगावरची कोणती कथा वाचावी? आणि असा उपचार खरंच निघाला तर आपल्या माणसाला द्यावा का?

कथेचं आधी सांगतो. डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ वाचा. १९५९ साली ती लघुकथा म्हणून आली, पुढच्याच वर्षी तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि १९६६ मध्ये लेखकाने तिची कादंबरी केली. कादंबरीच वाचा. चार्ली गॉर्डन, वय ३२, बुद्ध्यांक ६८, बेकरीत पडेल ते काम करणारा. त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होते. तीच आधी अल्जर्नन नावाच्या उंदरावर झालेली असते. शेवट सांगत नाही.

सगळी कथा चार्लीच्या स्वतःच्या टिपणांतून कळते. सुरुवातीला ओळीओळीला चुका. मग भाषा शुद्ध होत जाते, पुढं पुढं तर इतकी अवघड की आपणच मागे पडतो. मराठीत कुणी करायला घेतलं तर सगळी मदार ऱ्हस्व-दीर्घावर आणि जोडाक्षरांवर राहील, ‘प्रगती’चं ‘परगती’, ‘शस्त्रक्रिये’चं ‘शसतर किरीया’. कुणीतरी जीव ओतून हे करावं असं फार वाटतं.

मला हे पुस्तक एवढं जवळचं का, तर माझ्या दादामुळे. तो इथं सोलापुरात एका यंत्रमाग कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालतो. वय पंचेचाळीस, समज सहा-सात वर्षांच्या पोराएवढी. घडी मात्र अशी की काठाला काठ भिडलेला, बोट फिरवून बघा. एकदा कामावरच्या पोरांनी त्याला सांगितलं, “तुझं लग्न ठरलंय बे, रविवारी पोरगी बघायला जायचंय.” रविवारी सकाळी सातला आंघोळ करून, गड्ड्याच्या यात्रेत घेतलेला निळा शर्ट घालून दादा दारात बसला. दुपारी आईनं जेवायला हाक मारली तरी उठेना. सोमवारी पोरं हसली, आणि त्यांच्याबरोबर हाही हसला.

चार्लीचे बेकरीतले दोस्त अगदी असेच आहेत. हुशार झाल्यावर त्याला कळतं, ते कशाला हसत होते. तिथं आल्यावर मी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माणसाचं राहू द्या, उंदरांवर असा प्रयोग खरोखर झालाय. १९९९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूतल्या एनआर२बी या जनुकाचं काम वाढवलेले उंदीर तयार केले. ते साध्या उंदरांपेक्षा लवकर शिकायचे, जास्त दिवस लक्षात ठेवायचे. २००१ मध्ये दुसऱ्या संशोधकांना दिसलं की सूज आल्यावर होणारी वेदना अशा उंदरांना जास्त जाणवते आणि ती टिकतेही. ज्यामुळे आठवण पक्की होते, त्याच्यामुळेच दुखणंही वाढतं.

म्हणून असा उपचार निघाला तरी मी दादाला नेणार नाही. शिकवायचं ते शिकवू. तो आता बसचा नंबर ओळखतो, सुट्टे पैसे मोजून घेतो, त्याला दोन वर्षं लागली. आणि त्या पोरांशी मी स्वतः जाऊन बोललो. बदलायची गरज तिथं होती.

अल्जर्ननची गोष्ट मी एकदा दादाला गच्चीवर सांगितली. उंदीर चक्रव्यूहातून चार्लीच्या आधी बाहेर पडतो, तिथपर्यंतच. त्यानं टाळ्या वाजवल्या आणि “परत सांग” म्हणाला. मी तेवढंच परत सांगितलं.