शेवटच्या आजारातल्या वृद्धांना कॅज्युअल्टीत मिळणारी सेवा सुधारायची तर रुग्णांना आणि घरच्यांना विचारून खरंच काही फरक पडतो का?

पडतो. माझ्या बाबांच्या वेळी काय चुकतंय ते डॉक्टर-नर्सपैकी कुणालाच कळलं नव्हतं, आईला कळलं.

बाबा ८१ वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर. रात्री धाप वाढली म्हणून गोव्यातल्या साखळी गावाहून १०८ने एका मोठ्या इस्पितळात नेलं. ऑक्सिजनचा मास्क लावताना त्यांची कवळी आणि कानातलं मशीन काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी स्ट्रेचरखाली. मग जो येई तो ओरडून विचारी आणि बाबा नुसते बघत राहत. पेपरवर लिहिलं गेलं, 'रुग्ण गोंधळलेला'. तिथून पुढे सगळे प्रश्न मला. श्वासासाठी घशात नळी घालायची का? आयसीयूत हलवायचं का? पहाटे आईला आत सोडलं. तिने आधी पिशवी शोधली, मशीन कानात बसवलं आणि कोकणीत विचारलं, "खंय दुखता?" बाबांनी सगळं नीट सांगितलं. नळी नको, धाप तेवढी कमी करा, घरी न्या. मॉर्फिनच्या छोट्या डोसने अशी धाप हलकी होते. तो त्यानंतर मिळाला. पुढचे १९ दिवस ते घरी होते.

म्हणून विचारा, पण डिस्चार्जच्या वेळी फॉर्म पुढे करून नको. तेव्हा माणूस गाडी बघत असतो, कुठेही सही करतो. दोन-तीन आठवड्यांनी घरी जा, त्यांच्या भाषेत बोला, रुग्ण दमला तर उरलेलं दुसऱ्या दिवशी. आणि रुग्णालाच विचारा. मी खर्च नि धावपळ सांगितली असती. बाबा सांगत होते की रात्रभर घसा कोरडा पडला होता.

लिव्हिंग विलचंही तेच, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार हवेत नि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली, २०२३मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. २०२४मध्ये इथे गोव्यात उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं नोंदवलं. पण रात्री दोन वाजता तो कागद कपाटातून काढून नेमका कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न घरच्यांनाच पडतो. नियम करणाऱ्यांच्या बैठकीत म्हणूनच आईसारखी एक तरी बाई बसायला हवी. तिची मागणी साधी आहे: फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, मशीन कुठल्या कानात, बोलायचं कुठल्या भाषेत, आणि नळी हवी की नको.