लहान पंजा आणि गिटारीची मापे

प्रश्न : दोन वर्षे अकूस्टिक गिटार शिकते आहे. माझा पंजा लहान आहे. एफ कॉर्ड धरली की मनगट दुखते आणि चौथ्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे गिटारीच्या दांड्यावरची, म्हणजे नेकवरची, धातूची आडवी पट्टी) करंगळी जात नाही. आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. दुकानदार म्हणतात, थ्री-फोर्थच (पाऊण मापाची) घ्या. तसेच करावे का? मापे कोणती बघू? – एक वाचक, सांगली

उत्तर : लगेच थ्री-फोर्थ घेऊ नका. मोठ्या माणसाला इतकी लहान गिटार क्वचितच लागते, आणि ती घेतली की वरच्या फ्रेट्सवर बोटांची दाटी होते.

आधी बघायचे ते स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तारेची मोकळी लांबी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा. फेंडरच्या स्ट्रॅट किंवा टेली घाटाच्या गिटारीत ती ६४८ मिमी (साडेपंचवीस इंच) असते, गिब्सनच्या लेस पॉल आणि एसजीमध्ये साधारण ६२८, मस्टँग व जॅग्वारमध्ये ६१० (२४ इंच), तर थ्री-फोर्थ मापाच्या स्क्वायर मिनी स्ट्रॅटमध्ये ५७८. पंजा किती ताणावा लागेल ते यावर ठरते. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचे अंतर ६४८ च्या गिटारीवर सुमारे ९७ मिमी भरते, ६१० वर ९२ आणि ५७८ वर ८७. पाच मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण करंगळी फ्रेटच्या अलीकडे नीट टेकते की तारेवरून घसरते, हे तेवढ्यावरच ठरते. म्हणून वीत मोजून काही कळत नाही. बोटे वाकवलेली ठेवून तर्जनी ते करंगळी एवढेच अंतर मोजा.

ही परीक्षा घरीच होते. बहुतेक मोठ्या अकूस्टिक गिटारींचे स्केल ६४८ च्या आसपासच असते. पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की उरलेली लांबी ६१२ होते, म्हणजे जवळजवळ मस्टँग. दुसऱ्या फ्रेटला लावला की ५७७, म्हणजे मिनी स्ट्रॅट. कॅपोच्या पुढे सहाव्या तारेवर चार फ्रेट, चार बोटे असे दहा मिनिटे वाजवा. पहिल्या फ्रेटच्या कॅपोने काम भागत असेल, तर थ्री-फोर्थचा विचार सोडून द्या.

इथे एक मेख आहे. कॅपो लावताच एफचा आकार एकदम सोपा झाला, तर त्याचे श्रेय लांबीलाच देऊ नका. कॅपोमुळे नट बाजूला पडतो, आणि स्वस्त गिटारींत नटच्या खाचा बरेचदा उथळ असतात. मग पहिल्या फ्रेटपाशी तार उंच राहते आणि ती दाबतानाच मनगट भरून येते. तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. जास्त दिसली, तर दुखण्याचे मूळ पंजात नाही, नटमध्ये आहे. कारागीर खाचा खोल करून देतो. त्या स्वतः कानशीने घासू नका, कारण खाच जरा जास्त खोल गेली की मोकळी तार फ्रेटवर खडखडते आणि नट बदलावा लागतो.

स्केलनंतर नेकची जाडी. पहिल्या फ्रेटपाशी १९ ते २१ मिमी असेल, तर अंगठा पाठीमागे मधोमध ठेवूनही बोटे पुढे वळायला जागा मिळते. जुन्या धाटणीचा २३ मिमीच्या वरचा नेक लहान पंजाची पोहोच खाऊन टाकतो. अगदी पातळ नेकवर काहींच्या अंगठ्याला पेटके येतात, म्हणून हातात घेऊनच ठरवा.

नटची रुंदी ४२ किंवा ४३ मिमी असते. लहान हात म्हणून त्याहून अरुंद शोधू नका. तारा जवळ येतात, बोट शेजारच्या तारेला लागते आणि कॉर्ड बोथट वाजते. फिंगरबोर्डची गोलाई (वक्राची त्रिज्या) साडेनऊ इंचांची असेल तर बार कॉर्डला (एफसारखी, एका बोटाने सगळ्या तारा दाबायची कॉर्ड) बरे वाटते. सोलोत तारा खूप ओढायच्या असतील तर १२ इंचांची बरी.

वजनही बघा. लेस पॉल चार किलोच्या पुढे जाते. एसजी हलकी असते, पण पट्टा गुळगुळीत असेल तर तिचा नेक खाली झुकतो आणि तो सावरण्यात डावा हात गुंततो. बसल्यावर गिटार जिथे असते, तिथेच उभे राहिल्यावरही राहील इतका पट्टा आखूड करा. पट्टा लांब ठेवला की मनगट वाकते आणि घटवलेल्या स्केलचा फायदा तिथेच जातो.

तुमच्यासाठी आमची निवड ६१० किंवा ६२८ चे स्केल, २१ मिमीपर्यंतचा नेक, स्थिर ब्रिज आणि ०९-४२ चा तारांचा संच (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). अकूस्टिकवर बहुधा १२-५३ च्या तारा असतात, त्यामानाने इथे दाब खूपच कमी लागेल. आखूड स्केल हे शिकाऊ लोकांचे वाद्य असे कुणी म्हणाले तर मनावर घेऊ नका. निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन जॅग्वार आणि मस्टँगही वाजवायचा.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला मिनी स्ट्रॅट घेतली. जाड तारा ढिल्या वाटतात, सूर हलतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : तिच्यासाठी मिनी योग्यच आहे. सूर तोच ठेवला तर तारेचा ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे घटतो. ६४८ वरून ५७८ वर आल्यावर तो सुमारे २० टक्के कमी होतो. १०-४६ चा संच चढवा, म्हणजे मोठ्या गिटारीवरच्या ०९ इतकाच ताण येईल. मग प्रत्येक तार बोटाने हलकेच ओढून पुन्हा सुरात लावा, असे चार-पाच वेळा करा. त्यानंतर इंटोनेशन (सगळ्या फ्रेट्सवर सूर बरोबर लागतो का ते) तपासून घ्या. आखूड तारेवर बोट जोरात दाबले तरी सूर चढतो, म्हणून तिला हलके दाबायला शिकवा.

प्रश्न : माझ्याकडे स्ट्रॅट घाटाची गिटार आहे. नेक जाड आहे, तो तासून घेऊ का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. नेकच्या पोटात ट्रस रॉडची (नेकचा बाक सांभाळणारी धातूची दांडी) खाच असते. पाठीमागून लाकूड किती तासता येईल ते बाहेरून दिसत नाही, आणि पातळ झालेला नेक तारांच्या ताणाने वाकतो. आधी सेटअप, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची यांची जुळणी, करून घ्या. पहिला फ्रेट आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथला फ्रेट, असे दोन्ही ठिकाणी सहावी तार दाबून धरा. मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटवर पाव मिलिमीटरची फट असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच कसा, मग परत सुरात लावून मोजा. रॉड घट्ट वाटला तर जोर लावू नका. नंतर बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २ मिमी आणि बारीक तारेची दीडपर्यंत आणा. तुमच्याकडे पावसाळ्यात हवेतली ओल लाकूड धरते आणि नेकचा बाक बदलतो, तेव्हा हे मोजमाप पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करा. एवढे करूनही जाडी खुपत असेल, तर त्याच मापाचा पातळ नेक बोल्टवर बदलता येतो. त्यासाठी बॉडीतल्या खाचेची रुंदी मोजून घ्या. फेंडरच्या मापात ती ५६ मिमी असते, पण स्वस्त नकलांत फरक निघतो.